डिसमिसलची शिकवणी

जुबैलच्या कॅम्पात मला सगळे मास्तर म्हणत. दापोलीकडच्या एका शाळेत मी काही वर्षं इंग्रजी शिकवलं होतं. नोकरी कायम होईना, म्हणून चिडून सोडली आणि मेहुण्याच्या ओळखीने सौदीला आलो, तो ट्रेनिंग क्लार्क होऊन. नव्याने आलेल्या माणसांना सेफ्टीचे व्हिडिओ दाखवायचे, हजेरी घ्यायची, हेल्मेटवर स्टिकर चिकटवायचा, एवढंच काम. हातातला खडू सुटला याचा मला खरं तर आनंदच झाला होता. पण माझा रूम पार्टनर, श्रीवर्धनचा एक इलेक्ट्रिशियन, त्याच्या पोटात काही राहायचं नाही. मी त्याला भाई म्हणायचो. मी पूर्वी शिक्षक होतो हे त्याला कळलं आणि दुसऱ्या दिवशी मेसमधला डाळ वाढणारासुद्धा मला मास्तर म्हणू लागला.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. जुबैलमध्ये जिकडे पाहावं तिकडे क्रेन उभ्या. एक कारखाना पुरा व्हायच्या आत शेजारी दुसऱ्याचा पाया खणायला घेत. आमच्या साइटवर पाइपचं काम एका चिनी कंपनीकडे आलं आणि एके दिवशी बसमधून निळ्या कपड्यांतली चिनी माणसं उतरली. सगळी शांत, सगळ्यांच्या हातात झाकणाची चहाची बाटली. त्यांच्यातल्या एका टोळीचा फोरमन माझा विद्यार्थी झाला. पन्नाशीच्या आसपासचा, बुटका, रुंद खांद्यांचा माणूस. हसला की डोळे पार मिटायचे.

तो विद्यार्थी झाला तो हौसेने नव्हे. कारखान्याच्या मालक कंपनीचा नियम होता की रोज सकाळी कामाचं परमिट ज्याने हातात घ्यायचं, त्या फोरमनने इंग्रजीत तोंडी परीक्षा द्यायची. ठरलेल्या मुदतीत पास झाला नाही तर त्याला मायदेशी पाठवायचं आणि त्याची टोळी इतर फोरमनांत वाटून टाकायची. आता ही टोळी म्हणजे नुसती कामगारांची टोळी नव्हती. सगळे एका गावचे, फार तर शेजारच्या गावचे. कोणी याचा चुलतभाऊ, कोणी मेहुणा, कोणी शाळेतला सोबती. त्यांच्या घरी जाऊन, प्रत्येकाच्या आईबापासमोर बसून, याने त्यांना सोबत आणलं होतं. ती टोळी फुटणं म्हणजे त्याला काय वाटत असेल, ते कोकणातून मुंबईला गावकऱ्यांच्या खोलीवर राहिलेल्या कुणालाही समजावून सांगायला नको.

त्यांच्या कंपनीचा दुभाषा त्याला घेऊन माझ्याकडे आला. मी आधी नाहीच म्हणालो. शुक्रवार हा आठवड्याचा एकच सुट्टीचा दिवस. कपडे धुवायचे, घरी फोन लावायचा, दुपारी ताणून द्यायची. पण तो माणूस नुसता दोन्ही हात मांडीला लावून, शाळेत उभं राहतात तसा उभा राहिला. मला तिडीक आली ती स्वतःचीच, कारण पुढे मी ‘हो’ म्हणणार हे मला आधीच कळलं होतं.

पहिल्या शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर तो आला, आणि सोबत आपल्या हाताखालचा एक माणूस घेऊन आला. हा टोळीतला त्याचा उजवा हात, पाइप फिटर, अतिशय अबोल. दोघेही माझ्या खाटेच्या कडेला ताठ बसले. तासभर शिकवलं. मग शिकवणं संपलं आणि पंचाईत सुरू झाली. ते उठेचनात. मी चहा केला, त्यांनी प्यायला. मी म्हटलं, “सिट, सिट, नो हरी,” कारण आपल्याकडे पाहुण्याला दुसरं काय म्हणतात? ते आणखी ताठ बसले. मी पुन्हा चहा केला. खिडकीतलं ऊन भिंतीवरून खाली जमिनीवर आलं, मेसमध्ये ताटं वाजायला लागली, भाई संध्याकाळचा मगरिबचा नमाज पढून परत आला, तरी दोघे बसलेलेच. भाई दारातच थबकला.

“अहो मास्तर, हे पाव्हणे आता मुक्कामालाच आलेत काय?”

“गप बसा. समजेल त्यांना.”

“त्यांना मराठी समजतं? मग शिकवता कशाला?”

दुसऱ्या शुक्रवारीही तेच. तेव्हा दुभाष्याला बोलावून विचारलं. तर प्रकरण असं निघालं की त्यांच्या शाळेत गुरुजी ‘वर्ग सुटला’ असं तोंडाने म्हणत नाहीत तोवर विद्यार्थी जागचा हलत नाही. मग उभं राहून गुरुजींचा निरोप घ्यायचा आणि जायचं. गुरुजींच्या आधी उठणं म्हणजे उद्धटपणा. बिचारे पहिल्या दिवसापासून माझ्या हुकमाची वाट पाहत होते, आणि मी त्यांच्या उठण्याची.

“देन यू से,” फोरमन मला म्हणाला, अगदी मदत करायच्या सुरात.

म्हणायला काय जातंय? पण माझ्या तोंडून ते शब्द निघेनात. शाळेत मी वर्गाला सुट्टी दिली होती, नाही असं नाही. पण तिथे घंटा वाजायची, मी फक्त पुस्तक मिटायचो. इथे माझ्या खोलीत, माझ्या कपातला चहा पिऊन बसलेल्या वडीलधाऱ्या माणसाला मी ‘आता जा’ म्हणायचं? आमच्या घरी तर विम्याची पॉलिसी गळ्यात मारायला आलेल्या माणसालाही कुणी ‘निघा’ म्हटलेलं मला आठवत नाही. वडील त्याला ‘बसा हो’ म्हणायचे आणि आत येऊन आईजवळ दात-ओठ खायचे.

शेवटी भाईने सुटका केली. तो दारात येऊन खाकरायचा आणि मोठ्याने विचारायचा, “खलास?” मग मी म्हणायचो, “खलास!” अरबीत म्हटलं की ते मी म्हटल्यासारखं वाटायचं नाही. दोघे खटकन उभे राहायचे, मान लववायचे आणि जायचे.

त्या घोळातूनच डिसमिसल हा शब्द आमच्यात आला. वर्ग सुटण्याला इंग्रजीत काय म्हणतात, असं फोरमनने विचारलं आणि मी तो सांगितला. त्याच्याकडे खिशात मावणारा एक इलेक्ट्रॉनिक शब्दकोश होता. त्यात त्याने माझ्याकडून एकेक अक्षर विचारून शब्द घातला, आणि पडद्यावर चिनी अक्षरांच्या ओळीच्या ओळी आल्या. ते वाचून त्याचा चेहरा गंभीर झाला. साइटच्या फाटकावरच्या मोठ्या फलकावर, दुसऱ्यांदा नियम मोडणाऱ्याचं काय होईल त्यापुढे, लाल रंगात हाच शब्द होता, आणि तो तिथे वर्ग सुटण्यासाठी नव्हता हे त्याला ठाऊक होतं.

“टीचर, वन वर्ड. हाऊ मेनी वर्क?”

खरंच, किती कामं एकट्या शब्दाने करावीत! त्यांच्या भाषेत, दुभाष्याने सांगितलं, नोकरीवरून काढण्याचा शब्द वेगळा, वर्ग सोडण्याचा वेगळा, जमलेल्या लोकांना पांगवण्याचा वेगळा. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. मी म्हटलं, आमच्याकडेही तसंच. बडतर्फी वेगळी, सभा बरखास्त होते ती वेगळी, शाळा सुटते, अर्ज फेटाळतात, फलंदाज बाद होतो. इंग्रज मात्र सगळ्यांना एकाच दाराने बाहेर काढतो. खूप वर्षांनी मला शिकवायला मजा येऊ लागली. एकेका अर्थाला मी प्रसंग रचले. पहिले काही दिवस तो ‘ही इज डिसमिसल’ म्हणायचा. मी सांगायचो की अरे बाबा, माणूस स्वतः डिसमिसल नसतो, डिसमिसल ही त्याच्यावर येणारी गोष्ट आहे. कशावरून, कुणाकडून, योग्य की अन्यायाने, हे पुढेमागे जोडता येतं. तो मान डोलवायचा आणि वाक्य दहादा पुटपुटायचा.

एखाद्याचं म्हणणं हात झटकून उडवून लावणं यालाही डिसमिसलच म्हणतात, हे सांगायला मला वाटलं होतं वेळ लागेल. मी नुसता हात झटकून दाखवला. तो लगेच हसला. “सुपरवायझर,” तो म्हणाला. “एव्हरी डे.”

परीक्षा घेणारा साहेब सौदी होता, मालक कंपनीचा सेफ्टीचा प्रमुख. हळू आवाजात बोलणारा, उगाच कुणाला न तोडणारा माणूस. परीक्षेच्या दिवशी मी शेजारी बसलो होतो. फोरमनने सगळं बरोबर सांगितलं. गॅस किती वेळाने तपासायचा, आग लागली तर कुठल्या दिशेने पळायचं, सगळं. मग साहेबाने विचारलं, “तुझा माणूस उंचावर पट्ट्याचा हूक न लावता काम करताना दुसऱ्यांदा सापडला. काय होईल?”

उत्तर एका शब्दाचं. फलकावर लिहिलेलं. आम्ही शंभर वेळा घोटलेलं.

“आय हूक हिम,” फोरमन म्हणाला.

“बरं. त्यानंतर?”

“आय लुक हिम. एव्हरी डे.”

“नंतर त्याचं काय होतं?”

“नथिंग. ही वर्क. सेफ.”

साहेबाने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. नापास. महिन्याने पुन्हा यायचं, ती शेवटची संधी. बाहेर आल्यावर मी त्या माणसाला जे बोललो ते अर्धं मराठीत होतं म्हणून बरं. अरे, शब्द येत नव्हता का? येत होता की! त्याचे नाना अर्थ येत होते! मग जीभ कुठे गहाण पडली? तो ऐकून घेत होता. माझं संपल्यावर त्याने एकेक शब्द जुळवून सांगितलं, की टोळीतल्या प्रत्येकाच्या घरी तो जेवला आहे. त्यांना परत नेऊन पोचवीन असं म्हणून आला आहे. तो शब्द त्यांच्याबद्दल त्याच्या तोंडून निघत नाही.

दोन पाहुण्यांना ‘जा’ म्हणता येत नाही म्हणून दर शुक्रवारी भाईला खाकरायला लावणारा माणूस मी. मी त्याला कुठल्या तोंडाने रागावणार होतो!

पण शब्द तर त्याच्या तोंडून काढायलाच हवा होता. ते काम क्रिकेटने केलं. शुक्रवारी सकाळी ऊन चढायच्या आत कॅम्पामागच्या वाळूवर सामने व्हायचे. टेप गुंडाळलेला चेंडू, रिकामे पिंप हे स्टंप, आणि आरडाओरडा इतका की पलीकडच्या रस्त्यावरून जाणारी गाडी थांबायची. मी फोरमनला तिथे घेऊन गेलो. भाई खेळायला आला आणि पहिल्याच चेंडूवर त्याचं पिंप वाजलं. त्याने नेहमीप्रमाणे हुज्जत घातली, बॅट आपटली आणि येऊन आमच्या शेजारी वाळूत फतकल मारली.

“डिसमिसल,” मी फोरमनला म्हणालो.

तो चपापला. “ही गो होम?”

“नो, नो. इकडेच बसणार. पुढच्या शुक्रवारी पुन्हा खेळणार.”

“सेम टीम?”

“सेम टीम. कोण घेणार याला दुसऱ्या टीममध्ये?”

हे त्याला फार आवडलं. माणूस बाद होतो, शिव्या देतो, सावलीत बसतो आणि पुन्हा आपल्याच लोकांत खेळतो. त्यानंतर दर वेळी पिंप वाजलं की तो टाळी वाजवून ओरडायचा, “डिसमिसल!” त्याची सगळी टोळी यायला लागली आणि तीही ओरडायची. त्यांना क्रिकेटमधलं दुसरं काही कळत नव्हतं. भाई म्हणायचा, “मास्तर, आपण बाद झाल्यावर एवढा आनंद आपल्या सासरच्यांनासुद्धा होत नसेल.” महिन्याने साहेबाने तोच प्रश्न विचारला, तेव्हा फोरमनने डोळे मिटले. त्याला वाळू दिसत असावी. “डिसमिसल,” तो म्हणाला, आणि पास झाला. पुढे त्याचा तो अबोल फिटरही पास झाला. त्याला का शिकवायचं, एक फोरमन पुरतो की, असं मी मागे एकदा विचारलं होतं. “टू लेग्ज गुड,” एवढंच उत्तर मिळालं होतं.

परीक्षा संपली तरी शुक्रवारची शिकवणी संपली नाही. माझ्या तिथल्या सगळ्या वर्षांत मी खरा सुखी कधी होतो असं कुणी विचारलं, तर मी त्या दुपारी सांगेन. तो भाजलेले शेंगदाणे आणायचा. कधी टोळीने मिळून वाफवलेल्या करंज्या आणायचा. उकडीच्या मोदकांचे दूरचे भाऊबंद म्हणावे असे, फक्त आत गूळखोबऱ्याऐवजी खिमा आणि कांदा. भाई बुरैदाहून आलेल्या कुणाकडून खजुराचा डबा मिळवायचा. ऑगस्टात तिथली हवा इतकी दमट असते की अंघोळ करून बाहेर यावं तर पुन्हा अंघोळ; एसी खडखडत असायचा, आणि आम्ही तिघेचौघे त्या पत्र्याच्या खोलीत एकेका शब्दाची सालं काढत बसायचो. घराची आठवण मला त्या वेळात यायची नाही. आज घरी बसून त्या खोलीची येते.

सकाळी साइटवर मी त्याला परमिटच्या खिडकीपाशी बघायचो. परमिट खिशात घातलं की तो टोळीला ओळीने उभं करायचा आणि प्रत्येकाच्या पट्ट्याचा हूक स्वतः ओढून बघायचा. रोज. कुणी वयाने त्याच्याहून मोठा असला तरी. माणसं हसायची, तो हसायचा नाही. मग हाताने खूण केली की सगळे चढायला लागायचे.

आणि तरी ते घडलंच. टोळीत एक वयस्क वेल्डर होता, फोरमनच्या बायकोचा थोरला भाऊ. जाड चष्म्याचा, कामात पक्का. वरच्या मजल्यावर शेजारच्याला पाना द्यायचा होता, दोरी पुरेना, म्हणून त्याने क्षणभर हूक काढला. नेमका तेव्हाच खालून मालक कंपनीचा तपासनीस जात होता. त्या वेल्डरला यापूर्वी एकदा ताकीद मिळालेली होती. म्हणजे दुसरी वेळ.

साहेबाच्या खोलीत त्याच दिवशी दुपारी सगळे जमले. तपासनीस, वेल्डर, फोरमन. दुभाषा दम्मामला गेला होता, म्हणून मला बोलावलं. तपासनिसाने पाहिलं ते सांगितलं. साहेबाने वेल्डरला विचारलं, त्याने मान खाली घातली. मामला दोन मिनिटांत संपणार असं दिसत होतं. तेवढ्यात फोरमन पुढे झाला.

“आय टेल हिम, ओपन हूक,” तो म्हणाला. “माय ऑर्डर. डिसमिसल इज माइन.”

मी थक्क झालो. ते खोटं होतं आणि हे मला चांगलं ठाऊक होतं. त्या वेळी तो माझ्या समोर, खिडकीपाशी, दुसऱ्या परमिटवर सही करत उभा होता. वेल्डरला इंग्रजी येत नव्हतं, पण आपल्या मेहुण्याचा चेहरा त्याला वाचता येत होता. तो काहीतरी बोलायला गेला. फोरमनने त्याला त्यांच्या भाषेत एकच शब्द सुनावला आणि तो गप्प झाला.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो, कारण मागाहून सांगायची मला इच्छा होणार नाही. वेल्डर राहिला. टोळी फुटली नाही; परमिट घ्यायला तो अबोल फिटर होताच. त्याने काम पुरं होईपर्यंत टोळी सांभाळली आणि सगळे एकाच विमानाने परत गेले, असं मला नंतर दुभाष्याने सांगितलं. फोरमन मात्र त्याच आठवड्यात गेला. पासपोर्टवर कायमचा देश सोडण्याचा शिक्का बसला, कंपनीच्या बसने दम्मामला आणि तिथून पुढे. निघताना भेट झाली, पण तेव्हा दोघांनाही इंग्रजी सुचलं नाही.

मला आठवते ती साहेबाची खोली. साहेब बराच वेळ पेनाचं टोपण उघडझाप करत बसला. त्याचा विश्वास बसला नव्हता. त्याने कित्येक फोरमन पाहिले होते. चूक माणसावर ढकलणारे त्याला रोज भेटत, स्वतःवर ओढून घेणारा हा पहिलाच असावा. आणि फोरमन चांगला होता, त्याला घालवणं साहेबाच्याही जिवावर आलं होतं. तो माझ्याकडे वळला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, “तुम्ही याला शिकवलंत ना? याची भाषा कच्ची आहे. काहीतरी भलतंच बोलून गेला असेल. आपण काय म्हणतोय हे त्याला समजतंय का?”

दार उघडं होतं. मी ‘नाही समजत’ म्हटलं असतं, तर फोरमन राहिला असता आणि त्याच्या बायकोचा भाऊ गेला असता. मी त्याच्याकडे पाहिलं. हात मांडीला लावून, ताठ, तो माझ्या तोंडाकडे बघत होता. वाक्य म्हणून दाखवल्यावर चूक की बरोबर हे ऐकायला बघायचा, तसाच. इतकं वाईट मला त्या देशात कधी वाटलं नव्हतं.

“समजतंय, साहेब,” मी म्हणालो. “मीच शिकवलंय.”